निळ्या पोटाचा हिमनग

एका राज्यात समुद्र अर्धं वर्ष पांढरा असे आणि अर्धं वर्ष निळा. राज्याला नाव होतं, पण तिथली माणसं परक्यापुढे ते घेत नसत, म्हणून मीही घेणार नाही. राज्याच्या उत्तरेला बर्फाची नदी होती, हिमनदी. ती वाहत असे, पण अशी सावकाश की बापाने तिच्या पाठीवर ठेवलेला दगड मुलाच्या म्हातारपणी तिच्या मुखाशी पोचे. मुखाशी समुद्र होता. तिथे तिचे कडे तुटत, आभाळ गडगडल्यासारखा आवाज होई, आणि तुटलेला कडा डोंगर होऊन पाण्यावरून चालू लागे. त्याला हिमनग म्हणत. घरच्या बोलण्यात नुसता नग.

आता तुम्ही म्हणाल, बर्फ तो बर्फ, त्यात बघायचं काय? अहो, एकदा बघा तर खरं! सकाळी नग पांढरा असे, दुपारी त्याच्या भेगांतून निळं दिसे, मावळतीला तो गुलाबी होई. खाऱ्या समुद्रात उभा असून त्याचं पाणी गोड. तो जाई तिथे मासे गोळा होत, माशांमागे पाखरं येत, पाखरांमागे कोळ्यांच्या नावा. कान लावला तर आतून तडतड ऐकू येई. शेकडो पिढ्यांमागे पडलेल्या हिमात जी हवा कोंडली होती, ती बर्फ वितळताना बुडबुडे फोडून बाहेर येई. बाया लेकरांना सांगत, ऐक, नग जुन्या गोष्टी सांगतोय.

पण नगाचा एक हिस्सा वर आणि उरलेले नऊ हिस्से पाण्यात. हे तिथलं शेंबडं पोरही जाणे. म्हणून त्या राज्यात एक रीत होती, खालची चौकशी. नगाजवळ जायचं तर आधी नावेतून चहूबाजूंनी ओळंबे सोडायचे, खाली किती आहे, कुठल्या अंगाला झुकलंय, हे पाहायचं, मगच पाऊल टाकायचं. ही रीत हळूहळू सगळीकडे शिरली. घर घेताना आधी पाया उकरून बघत. वाटेत दोन माणसं भेटली की एक विचारी, "वर काय?" दुसरा म्हणे, "बरं." मग पहिला विचारी, "आणि खाली?" या दुसऱ्या प्रश्नाला खरं उत्तर द्यावं लागे. मग त्याला कितीही वेळ लागो.

त्या राज्यावर विश्रुत नावाचा राजा बसला. तरणाबांड, देखणा, आणि अंगात भारी रग. आईबाप लहानपणीच गेले होते. थोरल्या बहिणीने, शाल्मलीने, त्याला वाढवलं होतं. शाल्मलीचा नवरा सारंगधर हा राज्याच्या नौकांचा अधिपती. बोलायला कमी आणि हाताला खात्रीचा.

राज्याभिषेकाला शेजारच्या राज्याचा दूत आला. दरबारात बसून म्हणाला, "आमच्या महाराजांचा महाल संगमरवरी आहे. आपल्याकडे बर्फ पुष्कळ असतो, असं ऐकतो."

झालं! राजाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्याच आठवड्यात खाडीत एक थोरला नग येऊन टेकला होता. राजा म्हणाला, "त्या नगावर महाल कोरा. अभिषेकाची मेजवानी तिथेच होईल."

सारंगधर उठून उभा राहिला. म्हणाला, "महाराज, आधी ओळंबे सोडू द्या. उन्हाळी पाणी नगाला खालून खातं. वरून तो मोठा दिसतो, खाली किती उरलाय ते पाहू."

"किती वेळ लागेल?"

"नग मोठा आहे. दूत परत गेल्यावर पुरं होईल."

"मग उपयोग काय?" राजा म्हणाला, आणि दूताकडे बघून हसला. "भावोजींचं वय झालं. हल्ली पाण्याची भीती वाटते त्यांना."

दरबार खदखदून हसला. ज्या माणसाने या राजाला खांद्यावर बसवून पोहायला नेलं, त्याला भर दरबारात भित्रा म्हटलं, आणि दरबार हसला. सारंगधर रागावला नाही. "आज्ञा," म्हणाला आणि खाली बसला.

महाल कोरला. नगाच्या एका अंगाला पायऱ्या काढल्या, पोटात दालन पोखरलं, दुसऱ्या अंगाला काहीच केलं नाही. मेजवानी भरदुपारी होती. आत निळा उजेड पडला होता. दूताच्या तोंडून शब्द फुटेना, आणि तेवढ्यासाठीच तर हा सगळा खटाटोप होता. राजा खुशीत होता.

तेवढ्यात तडतड थांबली.

नग बोलायचा थांबला की तो कूस बदलणार, हेही तिथे सगळ्यांना माहीत होतं. सारंगधरने भिंतीला तळवा लावला. म्हणाला, "सगळे नावांत चला. धावू नका."

एक जण धावला. राजा! त्याचे हातपाय गळाले होते, पण पळण्यापुरते शाबूत होते. पायऱ्या उतरून त्याने राजनौकेत उडी घेतली आणि तलवारीने दोर कापला. नौका अर्धी रिकामी होती. मागे पायरीवर सारंगधर म्हाताऱ्यांना हाताला धरून उतरवत होता. त्याने हाक मारली, "महाराज, थांबा! जागा आहे!"

राजाने ती ऐकली. स्पष्ट ऐकली. आणि वल्हेकऱ्यांना म्हणाला, "मारा वल्ही."

नग उलटला. महाल खाली गेला, दूत गेला, पाहुणे गेले, सारंगधर गेला. नगाचं पोट वर आलं. गुळगुळीत, ओलं आणि असं निळं की बघवेना. त्या पोटातून आवाज आला. हिमनदीची जी आई, जिला नगाई म्हणत, तिचा आवाज.

"राजा, तुला वरचंच हवं होतं. घे. आजपासून तुझ्या राज्यात नुसतं वरचं राहील. खालचं सगळं तुझ्या एकट्याकडे."

निळ्या पोटाचा तो नग बंदराच्या तोंडाशी रुतून बसला. उन्हाळा आला तरी तो विरघळून गेला नाही.

दुसऱ्या दिवशी एका माळणीने मुळा उपटला तर नुसता पाला हातात आला. खाली मुळाच नव्हता. विहिरी जेमतेम वीतभर खोल राहिल्या. घरांचे पाये गेले, आणि जरा वारा सुटला की भिंती डुलू लागल्या. नावांचे तळ गेले म्हणून त्या कलंडू लागल्या. आणि माणसं? माणसं हसू लागली. रडणं खाली असतं, राग खाली असतो, कालची आठवण खाली असते. ते सगळं गेलं. वाटेत भेटली की म्हणत, "वर काय?" "बरं." आणि पुढे चालू लागत. दुसरा प्रश्न कुणी विचारीना. ज्यांची माणसं नगावर बुडाली तीही हसत होती. भूकसुद्धा खालचीच वस्तू. ती कळेना म्हणून लोक पाला खात, वाळत जात आणि छान आहे म्हणत.

शाल्मली रोज दुपारी दोन ताटं वाढी. एका ताटापुढे स्वतः बसे आणि दुसऱ्याकडे बघून म्हणे, "ह्यांना आज यायला उशीर झाला वाटतं." मग हसे. राजा आला की त्याच्या गालावरून हात फिरवून म्हणे, "माझा भाऊ किती गुणी."

राजाला मेल्याहून मेल्यासारखं होई. काय सांगू तुम्हाला, एखाद्याने थोबाडीत मारली असती तर त्याने त्याचे पाय धरले असते. पण मारणार कोण? तो बाहेर पडे तर दुतर्फा लोक उभे, "महाराजांचा विजय असो!" ज्या बाईचा मुलगा पाण्यात गेला ती त्याच्यावर फुलं उधळी. त्याने वृद्ध प्रधानाला बोलावलं आणि म्हणाला, "मला शिव्या द्या. मी काय केलं ते सांगतो, आणि तुम्ही मला शिव्या द्या." त्याने सगळं सांगितलं. प्रधानाने ऐकलं आणि तो हसून म्हणाला, "महाराज फार विनोदी आहेत." राजाने आरसे काढवले. पुढे मुकुट घालायचंही सोडलं. लोक म्हणाले, साधेपणा बघा महाराजांचा!

एके सकाळी खिडकीत एक सुरय पक्षीण येऊन बसली. पांढरी, टोकदार पंखांची, वर्षभर बर्फाकडून बर्फाकडे उडणारी. बोलकी होती, आणि स्वभावाने तिखट.

"रडणं ऐकून आले," सुरय म्हणाली. "अख्ख्या राज्यात रडणारा तू एकटाच."

"नगाई कुठे भेटेल?"

"हिमनदीच्या मुखाशी. मी वाट दाखवते. पण वाटेत रडायचं नाही. मला किरकिर सोसत नाही."

राजा निघाला. सुरय पुढे, राजा मागे. हिमनदीच्या मुखाशी नगाई बसली होती. म्हातारी, आणि हिमनदी हीच तिची वेणी. राजाने गुडघे टेकले.

"आई, शाप मागे घ्या."

"बर्फ खाली येतो, वर जात नाही," नगाई म्हणाली. "मागे घेता येत नाही. पुढे नेता येईल. तीन कामं आहेत."

"सांगा."

"पहिलं. इथे आडवा हो."

राजा आडवा झाला. हिम पडू लागलं. आधी कापसासारखं हलकं होतं, मग एकावर एक थर चढले, थरांचं वजन झालं. खालच्या हिमाचे दाणे झाले, दाण्यांचा बर्फ झाला. त्या बर्फात युगं गेली आणि बाहेर सुरयने अंगावरची पिसं साफ करून घेतली, तेवढाच वेळ गेला.

बर्फाखाली राजा मनाशी बोलत होता. मी तरुण होतो. गोंधळ होता. कुणीही पळाला असता. दोर नाहीतर तुटलाच असता. असं एकेक वाक्य त्याच्या तोंडून निघे, आणि त्यात नुसती हवा असे. वरचं वजन ती हवा दाबून बाहेर काढी. वाक्यं चिरडत गेली. शेवटी एकच उरलं, ते काही केल्या चिरडेना. मी हाक ऐकली आणि मी गेलो. बर्फ घट्ट होत होत निळा झाला, सरकत सरकत मुखाशी आला. कडा गडगडत तुटला आणि राजा समुद्रात पडला. सुरयने त्याला केस धरून बाहेर ओढलं.

"झालं?" नगाईने विचारलं.

"झालं."

"काय उरलं?"

राजाने ते वाक्य सांगितलं. सांगताना त्याची मान वर होईना. नगाईने ती वर करायला सांगितली नाही.

"दुसरं काम," ती म्हणाली. "बंदरात रुतलेल्या नगाखाली जा. तुझा महाल आता तिथे आहे. सारंगधर देईल तो बर्फाचा तुकडा आण."

सारंगधरचं नाव ऐकून राजा म्हणाला, "आई, दुसरं कुठलंही काम सांगा."

"दुसरं कुठलं नाही."

नगाईने बर्फातून एक जुना बुडबुडा काढला आणि त्याच्या जिभेवर ठेवला. तो विरघळेपर्यंत श्वास पुरणार होता. राजा बंदराच्या तोंडाशी परतला आणि त्याने पाण्यात सूर मारला. सुरय वरच राहिली.

वरून राजाने हजार वेळा नग पाहिले होते, खालून एकदाही नाही. निळ्या पोटाखाली नग रुंद होत गेला होता, आणि तो संपतच नव्हता. त्याच्या अंगावर वाहत्या पाण्याने हजारो खळगे पाडले होते, अंगठ्याने दाबल्यासारखे. वितळलेलं गोड पाणी खाऱ्या पाण्यातून थरथरत वर जात होतं. त्याच्या भोवती इवले झिंगे, झिंग्यांभोवती मासे, माशांभोवती पाण्यात बुडी मारणारी पाखरं. दूरच्या डोंगरांतून बर्फात अडकून आलेले दगड सुटून एकेक खाली पडत होते. समुद्राच्या तळावर नगाने येताना नांगर फिरवल्यासारखा चर पाडला होता. एवढं सगळं खाली होतं आणि या गृहस्थाने वर पायऱ्या कोरल्या! त्याला आपल्या राजेपणाचीच लाज वाटली.

सगळ्यात खाली, उलटा टांगलेला, त्याचा महाल होता. दालनात पाहुणे होते. दूत होता, अजून छताकडे बघत. पायरीवर सारंगधर उभा होता. एका हाताला कुणी म्हातारा होता, दुसरा हात मोकळा.

"महाराज, आलात," सारंगधर म्हणाला.

त्याने शिवी दिली असती तर राजा तरला असता. पण तो महाराज म्हणाला, आणि आदरानेच म्हणाला.

"भावोजी, मी..."

"इथे बोलू नका. हवा संपेल. शाल्मलीला माहीत आहे?"

राजाने मान हलवली. नाही.

"ती काय करते?"

"वाट बघते. हसते."

सारंगधर वाकला आणि जिच्यावर उभा होता त्या पायरीचा तुकडा मोडून त्याने राजाच्या हातात दिला. "तिला रडू द्या," म्हणाला. "ती रडेपर्यंत आम्हाला इथून हलता येत नाही. आता वर जा. श्वास जपा."

राजाच्या श्वासाची काळजी त्याला! राजा तुकडा मुठीत धरून वर आला.

नगाई किनाऱ्यावरच्या खडकावर येऊन बसली होती. "तिसरं काम," ती म्हणाली. "हा तुकडा बहिणीच्या हातात दे. पूर्ण विरघळेपर्यंत तिच्यासमोर बस. उठलास तर शाप कायमचा. ती विचारील त्याचं खरं उत्तर दे. आणि क्षमा मागू नकोस."

"क्षमासुद्धा नको?"

"तिच्याकडून एवढं घेतलंस. आता तिच्याच हातून तुझं समाधानही घेणार?"

नगाई निघून गेली.

आता ऐका, खरी अडचण इथे होती. बर्फाखाली निजायला एक वेळ सोपं, समुद्रात उतरायला सोपं. पण राजा खडकावर तुकडा घेऊन बसला तो उठेचना. त्याच्या हातात तुकडा विरघळतही नव्हता. तो विचार करत होता, उद्या मी गेलो की अक्का गालावरून हात फिरवील, गुणी म्हणेल. हा तुकडा दिला की तो हात पुन्हा माझ्या गालावर यायचा नाही. ती सुखात आहे. तिचं सुख मी का मोडू? पाहिलंत? बर्फाने सगळी हवा दाबून काढली होती, तरी थोडी राहिलीच होती.

"टाकायचा असेल तर टाक समुद्रात," सुरय म्हणाली. "मी कुणाला सांगणार नाही. मात्र ती सुखात आहे असं म्हणू नकोस. जाऊन बघ तरी."

राजा बहिणीच्या घरी गेला आणि दारातूनच त्याने पाहिलं. शाल्मली ताटं वाढत होती. ताटात पालाच होता. वाढताना तिच्या हातातली बांगडी मनगटावरून घसरली, बोटांवरून निसटली आणि जमिनीवर पडली. इतकी ती वाळली होती. तिने बांगडीकडे पाहिलं आणि ती हसली. उचलावी असंही तिच्या मनात आलं नाही. मग दुसऱ्या ताटाकडे बघून म्हणाली, "ह्यांना आज यायला उशीर झाला वाटतं."

राजा आत गेला. तिच्यासमोर बसला. तुकडा तिच्या हातात दिला.

"काय रे हे?"

"बर्फ आहे, अक्का."

तुकडा तिच्या हातात पाझरू लागला. तड् करून एक बुडबुडा फुटला.

"हा बोलतोय," ती हसून म्हणाली.

आणखी एक फुटला. शाल्मलीचं हसू थांबलं. तिने पोटाला हात लावला. "मला भूक लागलीय. फार दिवसांची लागलीय." बुडबुडे फुटत गेले. तिने दुसऱ्या ताटाकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, मग भावाकडे पाहिलं. असं तिने त्याच्याकडे बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. राजाला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. पण तो उठला नाही.

"विश्रुता, हे कुठे आहेत?"

"नगाखाली."

"बुडाले?"

"हो."

"तू कुठे होतास?"

"नौकेत."

"नौका भरली होती?"

गोंधळ होता, मी तरुण होतो, दोर तुटलाच असता. राजाने तोंड उघडलं, पण त्यातलं एकही वाक्य आता उभं राहीना.

"नाही," तो म्हणाला. "अर्धी रिकामी होती."

"त्यांनी हाक मारली?"

"मारली. जागा आहे, असं म्हणाले."

"तू ऐकलीस?"

"ऐकली."

तुकडा संपला. तिच्या ओंजळीत नुसतं पाणी उरलं. शाल्मली काही वेळ त्या पाण्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मी तुला वाढवलं रे," आणि तिने हंबरडा फोडला.

तो हंबरडा विहिरींत उतरला तशा विहिरी खोल झाल्या. शेतात उतरला आणि मुळांना जमीन सापडली. घराघरांतून रडणं सुरू झालं. ज्या बाईने राजावर फुलं उधळली होती, तिने अंगणात बसून मुलाचं नाव घेतलं. बंदराच्या तोंडाशी तडतड सुरू झाली. नग हलला, त्याने सावकाश कूस बदलली आणि पाण्याखाली अडकलेल्यांना सोडलं. लाटांनी सगळ्यांना किनाऱ्यावर आणून ठेवलं. मग तो खुल्या समुद्राकडे निघून गेला. त्या संध्याकाळी किनाऱ्यावर चिता पेटल्या, लोकांनी आपापली माणसं ओळखली आणि आपापला शोक केला. शाप गेला होता, आणि राज्यात त्या दिवशी एकही माणूस सुखी नव्हता.

दुसऱ्या सकाळी महालाच्या दाराशी लोक जमले. या वेळी विजय असो नव्हतं. जे होतं ते सांगण्यासारखं नाही, पण राजाने एकेक शब्द उभ्याने ऐकला. प्रधान सगळ्यांत पुढे होता, आणि त्याला आता काही विनोदी वाटत नव्हतं. लोक गेल्यावर राजाने राजवस्त्रं उतरवली. हिमनदीच्या पलीकडे जावं, पुन्हा कुणाला तोंड दाखवू नये, असं त्याने ठरवलं.

वेशीवर शाल्मली उभी होती. पांढऱ्या वस्त्रात, डोळे सुजलेले.

"कुठे निघालास?"

"जातो अक्का. माझं तोंड तुझ्या डोळ्यांसमोर नको."

"तुझं एकदा पळून झालंय," शाल्मली म्हणाली. "आता थांब."

एवढं बोलून ती पाठ फिरवून घरी गेली. राजा परत फिरला.

त्याने राज्य केलं. बरं केलं की वाईट, ते त्या राज्यातल्यांनी सांगावं. नग आला की तो स्वतः नावेत बसून ओळंबे सोडी, थंडीने बोटं सुजेपर्यंत. राजनौका रिकाम्या जागेनिशी कधी किनारा सोडत नसे. वाटेत लोक त्याला दोन्ही प्रश्न विचारत. दुसऱ्याला तो म्हणे, "लाज वाटते." लोक मान हलवत आणि पुढे जात. त्यांना हे उत्तर पुरेसं वाटे.

रोज सकाळी तो शाल्मलीच्या अंगणात जाऊन उभा राही. ती कधी सूत कातत असे, कधी धान्य निवडत असे. ती बघत नसे, बोलत नसे, जा असंही म्हणत नसे. थोडा वेळ उभा राहून तो परत जाई. असे किती हिवाळे गेले कुणास ठाऊक. त्याच्या कानांवरचे केस पांढरे झाले. माफ केलं असं शाल्मली कधी म्हणाली नाही आणि त्याने कधी विचारलं नाही.

एकदा तो नगावरून परस्पर तिच्या अंगणात आला. अंगावरचे कपडे ओले होते, ओठ काळेनिळे पडले होते. रोजच्या जागी उभा राहिला. शाल्मली शेंगा सोलत होती. तिने मान वर केली नाही. सोलता सोलता म्हणाली,

"जेवलास का?"

"नाही, अक्का."

"मग बस."

तो बसला. पुढचं त्यांचं त्यांना ठाऊक. भाऊ-बहीण जेवायला बसली असता दाराआडून ऐकत उभं राहणाऱ्यांतला मी नव्हे.